मालक बदलताना कागद तपासता, गाडी कधी तपासणार?

जुनी गाडी नावावर करून घेताना आरटीओ काय काय मागतं, त्याची यादी एकदा शांतपणे करून बघा. फॉर्म २९, फॉर्म ३०. आरसी. चालू विमा. पीयूसी. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. थकलेली चलनं भरलेली असली पाहिजेत. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी पाटी. संपली यादी.

यात गाडी कुठे आहे?

कुठेच नाही. मालकी बदलते ती कागदावर, आणि २०२२ पासून तर आधार जोडला की बरंचसं काम घरबसल्या होतं. सोय चांगली आहे, मला काही आरटीओच्या रांगेत उभं राहायची हौस नाही. पण ब्रेक लागतात का, सीटबेल्ट अडकतो का, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे की नुसतं झाकण आहे, हे विचारणारा एक रकाना त्या फॉर्मांमध्ये नाही. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत ती चार मालक बदलू दे, दोनदा पलटी होऊ दे, एकदा पुरात बुडू दे, सरकारचा माणूस तिच्याकडे ढुंकून बघत नाही. सरकार बघतं तो फक्त धूर. पीयूसी सहा महिन्यांनी नाहीतर वर्षानं काढावीच लागते. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय याची दरसाल चौकशी, आणि आत बसलेली माणसं धडक झाली तर वाचतील का याची पंधरा वर्षांत एकदाही नाही.

तीच गाडी पिवळ्या पाटीची असती तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. (ते फिटनेस कसं मिळतं यावर वेगळी पोस्ट होईल, ते आत्ता सोडा.) निदान कायद्यानं तरी मान्य केलंय की भाड्याची माणसं घेऊन फिरणारी गाडी अधूनमधून बघायला हवी. पांढऱ्या पाटीत बसलेली माणसं स्वतःची आई, स्वतःची पोरं असतात, म्हणून त्यांची हाडं जास्त मजबूत असतात असं कुणाला वाटतं की काय, मला कळत नाही.

हे सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू आहे. पण मी आज बोलतोय ते तीन रांगांच्या, सात सीटच्या गाडीबद्दल. कारण हा निष्काळजीपणा तिथं सगळ्यात जास्त माणसांच्या अंगावर येतो, आणि त्यातही नेमका घरातल्या सगळ्यात कमजोर माणसांच्या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शहरातले काही मित्र एसयूव्ही म्हटलं की नाक मुरडतात. एवढी मोठी गाडी कशाला, मिरवायला? पुण्याच्या सोसायटीत असेलही तसं. खेड्यात सात सीटची जुनी गाडी ही चैन नाही, ती घरची एसटी आहे. ट्रॅक्स, १९९४ ची सुमो, २००० साली आलेली बोलेरो आणि क्वालिस, २००२ ची स्कॉर्पिओ, २००४ ची टवेरा, २००५ ची इनोव्हा. निम्मा महाराष्ट्र याच गाड्यांत बसून लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला गेलाय. पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं त्यानं या विषयावर बोलूच नये. (सुमो हे नाव जपानी पैलवानावरून नाही, टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांवरून आहे. हे माहीत नसलेला एक तरी माणूस दर पोस्टला निघतो, म्हणून सांगून टाकलं.)

माझ्या दाजींचंच घ्या. खानापूर तालुक्यात गाव. घरात सात माणसं: दाजी, ताई, दोन पोरं, अण्णा, आक्का आणि घरीच राहणारी आत्या. अण्णांना महिन्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. गावात एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही आली तर. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट आहे, चांगलंच आहे. पण फाट्यावर दीड तास उभं राहूनही गाडी येत नसेल तर अर्धं तिकीट काढायचं कशाचं? डिझेलची नवी सात सीटर ऑनरोड दहा लाखांच्या आसपास सुरू होते आणि तिथून वर पळत सुटते. दाजींकडे सहा होते. सहा लाखांत सात माणसं बसवायची म्हणजे जुनीच गाडी, दुसरा मार्ग नाही. राज्यातल्या लाखो घरांचा हिशोब हाच आहे. ही निवड हौसेची नाही, आणि म्हणूनच ‘घेणाऱ्यानं बघून घ्यावं’ हे वाक्य मला सहन होत नाही.

बघून घ्यावं म्हणजे काय ते सांगतो. दोन महिने आम्ही बघतच होतो. सांगली, कोल्हापूर, कराड, पुणे. अकरा गाड्या बघितल्या.

एका गाडीत तिसऱ्या रांगेच्या बेल्टचं बकल सापडेना. सीटकव्हर शिवणाऱ्यानं ते आत ढकलून वरून शिलाई मारलेली. बेल्ट आहे, अडकवायची जागा नाही. दुसऱ्या एका गाडीत बेल्ट बाहेर ओढला तर तो परत आत जाईना, बरोबर आठवण म्हणून गुंडाळून ठेवलेल्या सुतळीसारखा लोंबत राहिला. दोन गाड्यांच्या कप्प्यात ती क्लिप निघाली, बेल्ट न लावता आवाज बंद करायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना ही क्लिप विकायला मनाई केली होती. विकायला मनाई झाली, पण गाड्यांच्या कप्प्यातली कोण काढणार?

पुण्यातल्या एका गाडीत चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. आता हे लक्षात ठेवा: चावी फिरवली की तो दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केलाय, कारण आधीच्या अपघातात फुगलेली बॅग परत बसवायची तर मोठा खर्च येतो आणि दिवा मारायला काही लागत नाही. विकणारा मात्र मला समजावत होता, “सर, दिवा लागत नाही म्हणजे फॉल्टच नाही ना.”

एक गाडी दिल्लीहून आलेली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवादाचा, पुढं २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाचा बडगा आहे, त्यामुळे तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या वय होत आलं की एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरतात. कोर्टाचे आदेश मधल्या काळात बदलत गेले, पण हा व्यापार काही थांबला नाही. दिल्लीच्या हवेला नकोशी झालेली गाडी सांगलीच्या हवेला चालते, हा एक वेगळाच विनोद. आपल्याकडे अशी गाडी नोंदवताना ती प्रत्यक्ष न्यावी लागते खरी. तिथं बघतात काय? चेसिस नंबर. पेन्सिलनं त्याचा ठसा घेतात, घसारा काढून उरलेल्या किमतीवर कर लावतात, झालं. गाडी चोरीची नाही एवढी खात्री झाली की सरकारचं काम संपतं.

आणि एक गाडी, कोल्हापूरच्या बाजूची, दिसायला सगळ्यात देखणी. पांढरी, चकचकीत, आत नवं सीटकव्हर, छताला नवं कापड. दाजी तर बयाणा द्यायला निघालेच होते. मधल्या सीटच्या रुळाखालचा गालिचा उचलला तर बोल्टच्या खाचांत वाळलेला गाळ. बारीक, राखाडी, नदीचा. २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी बघितलाय त्यांना तो गाळ ओळखायला शिकवावं लागत नाही. विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, “धुताना पाणी गेलं असंल.” पाण्यात बसलेल्या गाडीची वायरिंग आतून सडत जाते. एअरबॅगचे सेन्सर, एबीएस, सगळं त्याच वायरिंगवर चालतं. आज चालू असेल, परवा घाटात बंद पडेल.

त्याच माणसाला मी शेवटच्या रांगेतल्या बेल्टबद्दल विचारलं. त्याचं उत्तर मी शब्दशः देतो, कारण हा सगळा विषय त्या उत्तरात आहे. “पाव्हणं, मागं कोण बेल्ट लावतंय? मागं पोरंच बसत्यात.”

मागं पोरंच बसत्यात. खरंच आहे. सात सीटच्या गाडीत शेवटच्या रांगेत कर्ता माणूस कधी बसलेला बघितलाय? पुढं घरमालक आणि घरचे वडील. मधे बायका, मांडीवर लहान मूल. मागे उरलेली पोरं, नाहीतर अंगानं बारीक म्हणून आत्या. ज्यांना गुडघे दुमडता येतात आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही, ती माणसं.

आणि ती रांग गाडीतली सगळ्यात उघडी जागा असते. मागच्या काचेत आणि त्या पोराच्या डोक्यात वीतभर अंतर. पुढून धडक बसली तर इंजिनाचं अख्खं नाक चेपायला असतं, मागून ट्रक आला तर चेपायला काय आहे? डिकीचं दार, आणि मग मूल. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथं डोक्याला टेकू नाही, असला तर पोरानं काढून खाली टाकलेला. पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग असल्या तरी त्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतीलच असं नाही. बेल्ट असला तरी काही ठिकाणी नुसता कमरेचा.

समोरासमोर तोंड करून बसायच्या आडव्या बाकांची तर गोष्टच वेगळी. जुन्या सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओत ते असायचे, काही नव्या गाड्यांत आजही मिळतात. बाजूला तोंड करून बसलेल्या माणसाला ब्रेक लागल्यावर धरून ठेवणारं काहीच नसतं, तो सरळ पुढच्या सीटच्या पाठीवर नाहीतर शेजाऱ्यावर जातो.

आता कायदा बघा, म्हणजे गंमत कळेल. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) सांगतो की बेल्ट कुणी लावायचा: चालकानं, पुढं बसलेल्यानं आणि पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटवर बसलेल्यांनी. पुढं तोंड असलेल्या! आडव्या बाकावरच्या पोरांना हा नियम लागूच होत नाही. तिकडे २०१९ ची दुरुस्ती, कलम १९४-ब, म्हणते की चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड. म्हणजे मुलाला बेल्ट लावला नाही म्हणून दंड करणारं सरकारच, बेल्ट नसलेली सीट ‘आसनक्षमता’ म्हणून आरसीवर छापून देतं. सात. सही, शिक्का, स्मार्टकार्ड.

दर मोठ्या अपघातानंतर आपल्याकडे मागच्या सीटची चर्चा उफाळते. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर होते. दोन महिन्यांत मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला, १ नोव्हेंबर २०२२ पासून. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे, २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं देशात मेली, आणि त्यातली ८,३३१ चालक नव्हती, सोबत बसलेली होती. यातली बहुतेक नावं कुठल्याही चॅनेलवर आली नाहीत.

बरं, गाड्या सुरक्षित करण्याचे नियम झाले नाहीत का? झाले. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्याची २०२१ च्या शेवटापासून. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, एक वर्ष पुढं ढकलला गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही म्हणून सांगून टाकलं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे तारे आले, तेही ऐच्छिक. हे सगळं कुणासाठी? नवी गाडी घेणाऱ्यासाठी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत तिला शून्य तारे मिळाले होते. त्याच कंपनीच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच मिळाले. कंपनी सुधारली, छान झालं. पण २०१६ च्या गाड्या काही हवेत विरल्या नाहीत. त्या आज पाच-सहा लाखांना बाजारात उभ्या आहेत आणि माझे दाजी त्यांच्याभोवती फिरतायत. पाच तारे घेऊन फिरणारा वर्ग आणि शून्य तारे विकत घेणारा वर्ग वेगळा आहे, आणि नियम पहिल्या वर्गापाशीच थांबतात. शिवाय ते तारे देताना मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत बसवतात. तिसऱ्या रांगेत पुतळासुद्धा बसत नाही. तिथं फक्त खरी मुलं बसतात.

मग सरकार या गाडीच्या आयुष्यात असतं कुठं? पैसे घ्यायच्या वळणावर असतं. नवी असताना मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून पन्नास टक्के घेतले, आता २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस घेतात. राज्यानं डिझेल गाडीवर किमतीच्या तेरा ते पंधरा टक्के एकरकमी कर घेतला. जुनी झाल्यावर डीलरनं विकली तर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के जीएसटी. परराज्यातून आली तर परत कर. कर घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, एवढ्या वेळा हात पुढं केलात, एकदा बेल्ट ओढून बघायला काय जातंय?

गंमत म्हणजे ज्यांचे पैसे अडकलेले असतात ते लोक गाडी बघतात. विमा मधे खंडित झाला असेल तर विमा कंपनी गाडीची पाहणी केल्याशिवाय पूर्ण विमा देत नाही, माणूस पाठवते नाहीतर चारी बाजूंनी व्हिडिओ मागते. कर्ज देणारी बँक मूल्यांकन करून घेते. त्यांना बंपरचा ओरखडासुद्धा दिसतो, कारण त्याचे पैसे त्यांना मोजावे लागतात. तिसऱ्या रांगेतल्या बेल्टचे पैसे कुणालाच मोजावे लागत नाहीत, म्हणून तो कुणालाच दिसत नाही. अपघात झाल्यावर भरपाई कुणी द्यायची हे मात्र आपण पक्कं करून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलं, गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच जबाबदार. बरोबरच आहे. तेव्हापासून प्रत्येक विकणारा ‘नाव बदललं का, नाव बदललं का’ म्हणून जीव खातो. ‘बेल्ट चालतो का’ म्हणून एकानं तरी आपल्या गिऱ्हाइकाला फोन केलाय?

माझी मागणी छोटी आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची मालकी बदलताना प्रत्येक सीट बघा. बेल्ट आहे का, ओढल्यावर अडतो का, बकल लागतं का. एअरबॅगचा दिवा लागून विझतो का. टायर, ब्रेक. वीस मिनिटांचं काम आहे. आणि ज्या सीटला चालू बेल्ट नाही ती सीट आरसीवरून कमी करा. सातची पाच लिहा. आडवा बाक असेल तर सरळ पाच. बाकी काही करू नका, दंड नको, जप्ती नको. जुन्या बाजारात सात सीटर आणि पाच सीटर यांच्या भावात केवढा फरक आहे हे डीलरला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ज्या दिवशी बेल्टवाचून त्याच्या गाडीची किंमत पडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या खर्चानं बेल्ट बसवून, सीटकव्हर उसवून बकल बाहेर काढून ठेवेल.

यावर काय उत्तरं येणार ते मला माहीत आहे.

पहिलं: आरटीओत अजून एक खिडकी, अजून एक एजंट, अजून पाचशे. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. दाजींनी नाव बदलायलाच एजंटला साडेतीन हजार दिले, घरबसल्या सेवा असताना. म्हणूनच तपासणी निरीक्षकाच्या नजरेवर ठेवू नका. व्यावसायिक गाड्यांसाठी यंत्रावर चाचणी करणारी केंद्रं आता येतायत, नाशकात तर आधीपासून आहे. तिथं करा आणि निकाल गाडीच्या नंबरावर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. इंग्लंडमध्ये तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी चाचणी होते, तीत बेल्टही बघतात आणि एअरबॅगचा दिवाही, आणि कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की ती मागं कधी कशात नापास झाली हे कुणालाही घरी बसून वाचता येतं. आपल्या एमपरिवहनवर नंबर टाकला की विमा दिसतो, पीयूसी दिसते. अजून एक ओळ दाखवायला जागा नाही असं कुणी सांगू नये.

दुसरं: गरिबाची गाडी महाग कराल. हे बोलणारे बहुतेक वेळा गरीब नसतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे, गरिबाला आज जी स्वस्त मिळते ती सात सीटर नाहीच आहे, ती पाच सीटची गाडी आहे आणि मागे दोन मुलांना बसायला फळी आहे. पाचच्या भावात पाच मिळू दे. तो निदान डोळे उघडे ठेवून ठरवेल.

तिसरं, आणि हे सगळ्यात जास्त येणार: आमच्या लहानपणी ट्रॅक्समध्ये अठरा जण बसायचो, काय झालं? झालं ते ज्यांना झालं त्यांच्या घरी विचारा. तेव्हा रस्ते खड्ड्यांचे होते आणि ट्रॅक्स साठच्या पुढं जात नव्हती. आज तीच माणसं चौपदरी रस्त्यावर शंभरच्या वेगानं जातायत आणि बसायची पद्धत मात्र तीच राहिलीय.

जे आत्ता जुनी सात सीटर बघतायत त्यांच्यासाठी थोडं. गाडी बघायला जाताना इंजिन नंतर ऐका, आधी डिकी उघडून शेवटच्या रांगेत स्वतः बसा. हो, तुम्ही, पोराला बसवू नका. दार लावून घ्या आणि मागची काच डोक्यापासून किती लांब आहे ते हातानं बघा. बेल्ट झटक्यानं ओढा, अडला पाहिजे. गालिचा उचला, सीटच्या बोल्टांकडे टॉर्च मारा. मीटर साठ हजार म्हणत असेल तर ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, गुळगुळीत झालं असेल तर मीटर खोटं बोलतंय. विकणारा कंटाळला, ‘एवढं कुणी बघत नाही’ म्हणाला, तर त्याला कंटाळू द्या.

दाजींनी शेवटी २०१९ च्या अखेरची, तिन्ही रांगांत तीन टोकांचे बेल्ट असलेली गाडी घेतली. बजेटच्या वर नव्वद हजार गेले. ते ताईच्या पाटल्यांवर काढले, हे ताईनं मला नंतर सांगितलं. हा पैसा सरकारी तपासणी असती तर कदाचित लागला नसता, कारण मग कमी किमतीच्या गाड्यांतही बेल्ट चालू असते.

आणि ती गाळवाली पांढरी गाडी? गेल्या गुरुवारी त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा जागेवर नव्हती. थांबून विचारलं. गेली म्हणाला, मोठं कुटुंब होतं, गाडी आवडली, चार दिवसांत नावावरसुद्धा झाली. कागद सगळे क्लिअर होते.